वरचा का खालचा

माघ सरायला लागला की आमच्या भागातल्या विहिरींचे तळ दिसू लागतात आणि माझा चहा गार होऊ लागतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारील. माझी बायको तर दर वर्षी विचारते. उत्तर ठाऊक असूनही विचारते, कारण गार झालेला चहा पुन्हा ऊन करायचं काम तिच्याकडे असतं.

होतं असं. मीना नदीच्या पलीकडे कुणाच्या तरी मळ्यात विहिरीचं काम चालू असतं. सकाळची उन्हं वारूळवाडीच्या कौलांवर आलेली असतात, ओट्यावर बसून मी बशी ओठांशी नेलेली असते आणि पलीकडून सुरुंगाचा बार होतो. बशी तिथेच थांबते. मान आपोआप तिरकी होते. मी दुसऱ्या बाराची वाट बघत बसतो.

"प्या हो," आतून आवाज येतो. "दुसरा व्हायचा नाही. हल्ली सगळे एकदमच उडवतात."

खरं आहे. हल्ली बॅटरीला तारा जोडतात. भोकं कितीही असोत, एका दणक्यात काम आटोपतं. मोजायला काही उरलेलं नाही. पण माझ्या कानाला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तो बिचारा पन्नास सालानंतरच्या एका हंगामात पाटी-पेन्सिल घेऊन बसलाय तो बसलाच आहे.

त्या हंगामाची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या फाट्यावर, सोसायटीच्या सभेत साखरेचा विषय निघाला असताना. हातवारे करून, आवाज काढून, मध्येच थांबून, पुढच्याचा चहा आपल्याकडे ओढून. लोक हसतात. ते हसतील अशाच जागा मी निवडलेल्या असतात. लिहिताना हातवारे करता येत नाहीत, ही मोठी पंचाईत. मग ज्या जागा सांगताना मी उडी मारून ओलांडतो, त्या इथे पायाखाली येणारच.

आमचं दुकान नारायणगावच्या पेठेत. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. आज आमच्या घरात मारवाडी बोलता येत असेल तर ते फक्त भिंतीवरच्या त्यांच्या तसबिरीला. दुकानात लोखंड, घमेली, पहारी, दोर, कंदिलाच्या काचा, आणि आजोबांनी कधी काळी परवाना काढून ठेवल्यामुळे सुरुंगाची दारू आणि वात. "शेट, दारू द्या," असं गिऱ्हाईक भर दुपारी ओरडून मागायचं आणि आमच्याकडे आलेले लांबचे पाहुणे पाण्याचा पेला हातात धरून माझ्या वडिलांकडे, बाबूजींकडे, बघत राहायचे. जैनाच्या दुकानात दारू. मला या गोष्टीचा आनंद पुरून उरायचा. पाहुण्यांना खुलासा करायला मी मुद्दाम उशीर लावायचो.

बाबूजींना त्यात विनोद दिसत नसे. आमच्या धर्मात मातीत आणि दगडातही जीव मानला आहे. मुंगी बघून पाऊल टाकणारे बाबूजी, आणि खडक फोडायची दारू तेच तोलून देत. संध्याकाळी तोंडावर मुहपत्ती बांधून, वाळूची घडी उलटी करून ते सामायिकाला, आमच्या ध्यानाला, बसत. वाळू पुरी खाली येईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. त्या वेळात ते दिवसभरात फुटलेल्या खडकाचीही क्षमा मागत असावेत, असा माझा अंदाज. विचारायची छाती मात्र कधी झाली नाही.

त्या वर्षी विमानं आली.

तशी विमानं आम्ही आधीही बघितली होती. डोक्यावर भरली पाटी घेऊन निघालेल्या बाईसारखं एखादं विमान घूं घूं करत सावकाश जायचं. त्याचा आवाज आधी यायचा, मग ते यायचं, मग तोंडावर हात धरून त्याच्याकडे बघायला भरपूर वेळ मिळायचा. ही नवी विमानं तशी नव्हती. पुण्याकडून यायची, मंचर ओलांडलं की आंबेगावच्या शिवारावरून खाली उतरायची आणि नारायणगडाच्या खांद्यावरून अशी निघायची की शेजारच्या कापडवाल्यानं आभाळाएवढं मांजरपाट या टोकापासून त्या टोकापर्यंत टर्रकन फाडलं असं वाटावं. आवाज आला तिकडे बघितलं तर तिथे काहीच नसायचं. विमान केव्हाच जुन्नरच्या अंगाला, शिवनेरीच्या पलीकडे.

"आवाजाकडं बघायचं न्हाई राव, आवाजाच्या म्होरं बघायचं," असं बोरी बुद्रुकचा दगडूभाऊ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला शिकवायचा. आमचं जुनं गिऱ्हाईक, दगडूभाऊ. बोलायला मोकळा, हिशेबाला चोख, आणि नावाप्रमाणेच कपाळी दगड घेऊन आलेला. त्याच्या रानात हातभर माती आणि खाली सगळा काळा खडक.

सुरुवातीला मौज होती. विमानं कशासाठी येतात यावर पेठेत रोज नवा शोध लागायचा. कुणी म्हणे लढाईचा सराव, कुणी म्हणे सरकार जमिनी मोजतंय. एका म्हाताऱ्याचं मत पडलं की हे ढग फोडायचं काम आहे, आता पाऊस विसरा. मग मौज हळूहळू झिजली. म्हशी पान्हा चोरायला लागल्या. धारेला बसलेल्या बाईनं कास थोपटावी, चुचकारावं, आणि आता दूध उतरणार तोच वरून फाडाफाड. मग म्हैस दिवसभर दगड. मोटेचे बैल उतारावर असताना बिचकले की माघारी रेटायचे आणि मोट हाकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. शाळेत पाढा मध्येच तुटायचा आणि गुरुजी तो पहिल्यापासून घ्यायचे. मुलांना एकोणतिसाच्या पाढ्याची सुरुवात तेवढी चोख यायला लागली. आमच्या दुकानात आढ्याला ओवून टांगलेल्या कंदिलाच्या काचा किणकिणायच्या, आणि विमान गेल्यावरही बराच वेळ किणकिणत राहायच्या. बाबूजी सामायिकात हलायचे नाहीत. पण त्यांच्या मांडीवरची बोटं आधीच आवळलेली असायची. आवाज आल्यावर नाही, येण्याच्या आधी. तो यायचा नसला तरीही.

तीच खरी पीडा होती. आवाज क्षणाचा, वाट बघणं दिवसभराचं. ज्या दिवशी विमानं यायची नाहीत त्या दिवशी माणसं जास्त चिडचिडी असायची.

मी मात्र त्यातही धंदा शोधला. मला नकला यायच्या. मामलेदाराची, जांभई देणाऱ्या उंटाची, आमच्या आत्याबाईंची. त्यात विमानाची भर पडली. दात आवळून, गालाच्या कोपऱ्यातून श्वास खेचून मी असं काही विमान सोडायचो की बाजारच्या दिवशी दुकानासमोर उभी असलेली माणसं खांद्यात मान घालायची आणि मग शिव्या देत हसायची. "शेट, पुन्यांदा सोडा एक इमान." आजवर मला जेवढी दाद मिळाली त्यातली सगळ्यात मोठी त्या विमानाला होती.

फक्त एका माणसाला माझी नक्कल कळायची नाही. जुन्नरचे उस्मानचाचा.

चाचांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शोभेची दारू उडवायचं काम. गावोगावच्या जत्रांत बाण, नळे, चक्रं. आणि पालखी निघाली की लोखंडी उखळ्यांत दारू ठासून केलेले बार. जत्रा नसतील तेव्हा विहिरींचे सुरुंग. एवढ्या आवाजांच्या सोबतीत त्यांचे कान कधीच निकामी झाले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं पोचायचं. पायात लढाईनंतर जुन्या बाजारात मिळालेले फौजी बूट, जाड तळाचे, खिळे ठोकलेले. ते घालून चाचा चालू लागले की वरात निघाल्यासारखं वाटायचं, आणि तो आवाज ऐकू न येणारा एकटाच माणूस म्हणजे चाचा.

"इमान आलं, चाचा," कुणीतरी वर बोट दाखवायचं.

"मला काय सांगतो. तुमी समदे येड्यावानी वर बघाया लागले का मला कळतं, आलं म्हणून."

"लई मोठा आवाज हाय," तो कानाशी ओरडायचा.

"मोठा असंल. पन फुकट हाय नं?" चाचा म्हणायचे. "उखळीच्या एका बाराला गाव दोन महिने आधी वर्गणी काढतं. आता सरकार रोज फुकट वाजवतंय. माझी उखळी कोन ऐकनार?"

हे हसत म्हणायचे. पण त्या वर्षीच्या पहिल्याच जत्रेत उखळी उडाली तेव्हा पोरं दचकली नाहीत, हे त्यांनी बघितलं होतं. ऐकू येत नव्हतं म्हणून ते चेहरेच बघायचे.

दगडूभाऊनं त्या माघात विहिरीचं काम धरलं आणि सुरुंगाला चाचांना बोलावलं. दारू न्यायची तर परवानेवाल्याच्या घरचं माणूस बरोबर हवं, हा बाबूजींचा दंडक. म्हणून मी बैलगाडीतून बोरीला जायचो. कुकडीकाठची ती सकाळ मला आजही लख्ख दिसते. ज्वारी काढून झालेली, रानात नुसते सड, खळ्यावर कणसांचे ढीग, आभाळ इतकं धुतलेलं की त्यावर एखादी घार ओरखड्यासारखी दिसावी. आणि त्या मोकळ्या रानाच्या मधोमध विहिरीचं चौकोनी तोंड, बाजूला निघालेल्या डबराचा ढिगारा.

सुरुंगाची एक रीत असते. खडकात पहारीनं हातभर खोल भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती सोडायच्या. मग वर उभं राहून कुणीतरी चारी दिशांना तोंड करून ओरडायचं, "बारऽ हाय रे बारऽ." आसपासच्या रानातली माणसं हातातलं टाकून लांब जातात, गुरं सोडतात, बांधावर झोपवलेलं पोर उचलतात. लांबून कुणीतरी हात वर करून "व्हऊ द्या" म्हणतं. मगच चाचा बिडीनं एकेक वात शिलगावून कडेला खोदलेल्या पावठ्यांवरून वर यायचे आणि आंब्याखाली गाडीत जाऊन बसायचे.

मग मोजायचं. तीन वाती पेटवल्या तर तीन बार ऐकू आले पाहिजेत. दोनच आले तर एक बार खाली निजलाय. मग त्या दिवशी विहिरीत उतरायचं नाही. तिन्ही झाले की आधी चाचा उतरणार, सुटे दगड बघणार, मग बाकीचे. ज्यानं बार लावला त्यानं पहिलं पाऊल ठेवायचं, हा चाचांचा नेम. पण चाचांना ऐकू येत नाही. म्हणून मोजायचं काम दगडूभाऊच्या बायकोकडे, गजराबाईकडे होतं.

गजराबाई ढिगाऱ्यावर अनवाणी उभी राहायची, चाचांना दिसेल असा हात वर धरून. पहिला बार झाला की एक बोट. दुसऱ्याला दोन. आणि तोंडानं मोठ्यानं मोजायची, पण एक म्हणायची नाही. आमच्याकडे खळ्यावर धान्याचं माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. गजराबाई बोरीत खळ्यावरच्या मोजणीला नावाजलेली. कुणाच्याही खळ्यावर रास मापायची असली की तिला बोलावणं यायचं, कारण ती बोलत बोलत मोजायची आणि चुकायची नाही. सुरुंगही तिनं तसेच मोजायला घेतले. आपलंच रान, आपलाच खडक. निघंल त्याला लाभच म्हणायचं.

"खडकाचं माप घालते ही," दगडूभाऊ चिडवायचा.

"तुमच्या बापानं तेच ठिवलंय मापायला," गजराबाई म्हणायची.

त्या सकाळी तिनं गुळाचा चहा केला होता. मी एक विमान सोडून दाखवलं. सगळे हसले, आमच्याकडे बघून चाचाही हसले. गजराबाईनं चारी दिशांना हाळी दिली. लांबून हात वर झाले. चाचा तीन वाती पेटवून वर आले, बूट आपटत गाडीत जाऊन बसले.

पहिला बार झाला. "लाभ."

दुसरा झाला. "दोन."

मग थोडा वेळ काही नाही. तेवढ्यात तिसरा झाला. नेहमीपेक्षा मोठा, एकाला एक चिकटलेले दोन असावेत असा. आंब्यावरचे पक्षी उठले.

"तीन," गजराबाई म्हणाली आणि तिनं तीन बोटं वर केली.

चाचा गाडीतून उतरले, तिच्याकडे बघून मान डोलावली आणि विहिरीत उतरले. बुटांचा खडखड आवाज पावठी-पावठीनं खाली गेला.

दगडूभाऊनं बिडी काढली. मी उरलेला चहा बशीत ओतला. गजराबाई ढिगाऱ्यावरून खाली आली नाही. हात खाली घेतला होता, पण बोटं तशीच तीन. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"पायाला न्हाई लागला," ती म्हणाली.

"काय?"

"तिसरा. पायाला न्हाई लागला वं."

"समद्यांनी आयकला की. शेटनी आयकला."

"कानानं आयकला. पायाला न्हाई लागला."

दगडूभाऊनं वर बघितलं. का बघितलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. खूप उंचावर, कुठेही फाडाफाडीचा आवाज नसताना, एक पांढरा धागा आभाळात सरळ ओढला जात होता. विमान आभाळ फाडतं हे आम्हाला ठाऊक होतं. ते बारही करतं, हे तोवर आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसाआधी त्यानं तो कधी केलाच नव्हता.

आता बघा, खाली जो माणूस होता त्याला हाक मारून उपयोग नव्हता. दगड टाकून लक्ष वेधावं तर खाली निजलेला बार. दगडूभाऊनं बिडी टाकली. मी, मामलेदारापासून उंटापर्यंत सगळ्यांचे आवाज काढणारा माणूस, माझ्या तोंडून कसलाच आवाज निघेना. आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय तोवर गजराबाईनं पदर खोचला होता.

"अगं थांब, म्या जातो," दगडूभाऊ म्हणाला.

"मोजलं म्या," ती म्हणाली. "उतरायचं बी म्याच."

एवढं बोलून ती पावठ्यांवरून खाली गेली. अनवाणी पायांचा काही आवाज होत नाही. विहिरीच्या तोंडातून धूर अजून विरळ विरळ वर येत होता आणि मी तो बघत होतो. किती वेळ गेला मला माहीत नाही. सांगताना मी इथे नेहमी म्हणतो की माझ्या बशीत माशी पडली आणि तीसुद्धा पोहायची थांबली. लोक हसतात. माशी नव्हती. बशी केव्हा खाली ठेवली तेही आठवत नाही.

खाली काय झालं ते तिनंच मागून सांगितलं. चाचा तिच्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते, फुटलेल्या ढपल्या बाजूला सारत होते. तिनं खांद्याला हात लावला. ते वळले. तिनं दोन बोटं दाखवली. चाचांनी त्या बोटांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे, मग कोपऱ्यातल्या तिसऱ्या भोकाकडे. तिथून उदबत्तीएवढा धूर येत होता.

दोघं वर आली. चाचांनी तिला पुढे घातलं होतं. दगडूभाऊनं तिचा हात धरून ओढलं, आम्ही सगळे ढिगाऱ्याच्या आडोशाला पडलो, तोंड मुरुमात खुपसून. आणि मग तो झाला. दगडांचा पाऊस पडून गेला. धूळ बसायला लागली. माझ्या शेजारी चाचा पालथे पडलेले, गाल आणि छाती जमिनीला टेकलेली. त्यांना काहीही ऐकू आलेलं नव्हतं. त्यांनी डोकं उचललं, तोंडातली माती थुंकली आणि म्हणाले,

"तीन."

गजराबाई उठून बसली. हातापायाचं खरचटलेलं न बघता तिनं वर बघितलं. पांढरा धागा आता पसरून कापसासारखा झाला होता.

"आमी बार लावतो तवा च्यारी दिशांना वरडून सांगतो," ती हळूच म्हणाली, कुणीतरी शेजारी बसलंय अशा आवाजात. "कोंबडी असंल तर कोंबडीला सांगतो. ह्यांना वरडायला काय व्हतं?"

हा प्रश्न मी पुढे पुष्कळांना विचारला. आमच्या रानात आवाज करायचा तर आधी हाळी द्यावी लागते. लांबच्या माणसानं हात वर करून "व्हऊ द्या" म्हणावं लागतं. आवाज हा असा दोघांमध्ये ठरतो. लग्नातला बँडसुद्धा शेजारी आजारी माणूस असेल तर त्या घराजवळ गप्प होतो. वरच्यांना कुणी "व्हऊ द्या" म्हटलं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर चाचांनी बूट सोडले. जुन्नरहून अनवाणी यायचे. गाडीत बसणं बंद. जमिनीवर तळपाय रोवून उभे राहायचे. आणि एका वेळी एकच बार. एक भोक, एक वात, एक बोट. "आपली मोजनी लाभला सुरू, लाभला खलास," म्हणायचे. साहजिकच काम तिपटीनं लांबलं. त्या वर्षी पाऊस आला तेव्हा दगडूभाऊच्या विहिरीत आभाळाचं पाणी साठलं, खडकाचं नाही. पुढच्या वर्षी झरा लागला. चाचांना मी त्याआधीही आणि त्यानंतरही पुष्कळदा बघितलं, पण जत्रेत उखळीजवळ उभे राहून ते पोरांचे चेहरे बघायचे, ते पुन्हा कधी दिसलं नाही. ते खाली, मातीकडे बघायचे. काही वर्षांमागे साध्या तापानं गेले.

विमानं येतच राहिली, आणि आता त्यांच्याबरोबर तो नवा धडाकाही. पंचक्रोशीत बोलीत एक भर पडली. कुठेही धडाम झालं, गिरणीचा पट्टा तुटला, ट्रकचं चाक फुटलं, भांड्यांची उतरंड कोसळली, की माणसं एकमेकांना विचारायची, "वरचा का खालचा?" लोक हसून विचारायचे. मीही. बाबूजींनी मात्र एकदा सामायिक संपल्यावर, वाळूची घडी आडवी करून ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हटलं होतं, "खालच्याचं पाप आपण रोज मागे घेतो. वरच्याचं कोण घेतं?" आणि उठून गेले.

माझं विमान त्या दिवसापासून बंद पडलं. कुणी बंद करायला सांगितलं नाही. बाजारच्या दिवशी एकदोघांनी आग्रह केला, मी दात आवळलेही, पण श्वास खेचला आणि तो नुसताच श्वास निघाला. मग मी उंट केला.

आणि गजराबाई मोजायची थांबली. त्या वर्षी स्वतःच्या खळ्यावर रास पडली तरी तिनं मापाला हात लावला नाही. लोकांनी बोलावणी धाडली, ती गेली नाही. "माजं माप चुकतं आता," एवढंच म्हणायची. कुणी म्हणालं, बाई, तुझ्यामुळं जीव वाचला. तर म्हणायची, "माज्यामुळं उतरला व्हता त्यो." ही जागा मी सांगताना नेहमी उडी मारून जातो. इथे हसायला काही नाही, आणि तिच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखंही काही नाही. चूक तिची नव्हती हे तिला पटवायला आख्खी बोरी जाऊन आली. पण बोटं तिनं वर केली होती, आणि ती बोटं तिची होती.

परवा, याच आठवड्यात, ती दुकानात आली. आता केस पिकलेत, पायात प्लास्टिकच्या चपला, नातसून बाहेर गाडीजवळ उभी.

"पोहऱ्याला दोर दाव, शेट. चांगला, ओला झाल्यावर कडक न्हाई व्हनारा."

"इंजिन बसवलंय ना विहिरीवर?"

"इंजिन पिकाला. प्यायाचं पानी म्या माज्या हातानं काडती."

मी दोर काढला. दोर आम्ही वावेनं मोजतो, दोन्ही हात पसरून छातीवरून ताणला की एक वाव. मी हात पसरले आणि म्हणालो, "एक."

"लाभ म्हन," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिचं लक्ष दोराकडे होतं. "लाभ," मी म्हणालो. पुन्हा ताणला. "दोन."

आणि तेवढ्यात झाला. आढ्याला आता कंदिलाच्या काचा नाहीत, प्लास्टिकच्या बादल्या टांगल्यात, त्यांना किणकिणता येत नाही. त्या नुसत्या एकमेकींवर आपटल्या. बाहेर कुणीही वर बघितलं नाही. हल्ली बघत नाहीत. मी पसरलेले हात घेऊन तसाच उभा.

गजराबाईनं उजवी चप्पल काढली. टाच फरशीवर टेकली. डोळे मिटले नाहीत, मान तिरकी केली नाही. भाजीवाल्याकडे वजन होईपर्यंत माणूस उभं राहतं तशी उभी राहिली.

"वरचा," ती म्हणाली. "कितीवर आलास?"

"दोनवर."

"मग म्हन की म्होरं."

मी दोर ताणला आणि म्हणालो, "तीन." तिनं मान डोलावली. टाच मात्र अजून फरशीवरून उचललेली नव्हती.